कलमा कोरलेले नाणे आणि व्हायकिंग

माझी खालाजाद बहीण इंग्लंडमध्ये शिक्षिका आहे. दहावीपर्यंत आम्ही दोघी चिपळूण तालुक्यातल्या एकाच उर्दू शाळेत शिकलो. ती लग्न होऊन तिकडे गेली, मी बी.एड. करून इकडेच राहिले. तिच्या देशात वस्तुसंग्रहालये शिक्षकांसाठी मुद्दाम संध्याकाळचे कार्यक्रम ठेवतात. शाळा सुटल्यावर शिक्षकांनी यायचे, जाणकारांनी वस्तू दाखवायच्या आणि त्या मुलांना कशा शिकवाव्यात ते समजावून सांगायचे. यॉर्क शहरात अशीच एक संध्याकाळ झाली. विषय होता व्हायकिंगांचे पुरातत्त्व. तिथून परतल्यावर रात्री तिचा फोन आला.

"आपा, एक चांदीचं नाणं दाखवलं. जमलेल्या सगळ्या शिक्षकांत ते थोडंफार वाचू शकणारी मी एकटीच होते."

नाण्यावर कलमा होता.

व्हायकिंग म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर शिंगांचे शिरस्त्राण घातलेला दांडगा माणूस येतो. ती शिंगे एकोणिसाव्या शतकातल्या ऑपेराच्या पोशाखातून आली, उत्खननात तसले शिरस्त्राण मिळालेले नाही. नॉर्वे, डेन्मार्क, स्वीडनचे हे दर्यावर्दी आठव्या शतकाच्या शेवटापासून सुमारे तीनशे वर्षे लूट, व्यापार आणि वसाहत ही तिन्ही कामे करत फिरले. इ.स. 866 मध्ये त्यांनी यॉर्क घेतले. 1976 ते 1981 या काळात त्या शहरातल्या कॉपरगेट भागात मोठे उत्खनन झाले. माती ओली आणि हवाबंद असल्यामुळे लाकूड, चामडे, कापडसुद्धा टिकले होते. चाळीस हजारांच्या आसपास वस्तू निघाल्या. त्यात तांबड्या समुद्रातली एक कवडी होती आणि समरकंदच्या दिरहमची एक बनावट नक्कलही होती. खोट्या नाण्यानेही खऱ्याच्या आब्रूवर किती लांबचा प्रवास करावा! (त्याच शहरात 1972 साली एका व्हायकिंगाची वाळून दगड झालेली विष्ठाही सापडली आणि ती काचेच्या कपाटात ठेवली आहे. ही गोष्ट सांगितली की सातवीचा वर्ग पुढची दहा मिनिटे माझ्या हातात राहत नाही.)

अस्सल दिरहमही इंग्लंडात मिळाले आहेत. 2007 साली यॉर्कच्या पश्चिमेला हॅरोगेटजवळ धातुशोधक यंत्र घेऊन फिरणाऱ्या बापलेकांना एक पुरलेला ठेवा सापडला. सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीच्या भांड्यात 617 नाणी होती. बहुतेक इंग्लंडची, पण काही थेट समरकंदकडची. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर तर याहून नवल घडले. 1999 साली स्पिलिंग्ज या ठिकाणी सुमारे 67 किलो चांदी निघाली. त्यात चौदा हजारांवर नाणी होती आणि ती जवळजवळ सगळी इस्लामी मुलखातली.

या नाण्यांची किंमत चांदीपुरती नाही. खलीफा अब्दुल मलिकने हिजरी 77 ते 79 या वर्षांत नाणी सुधारली, तेव्हापासून त्यांच्यावर राजाचा चेहरा नसे, फक्त अक्षरे असत. मध्यभागी कलमा आणि कडेने गोलाकार मजकूर: बिस्मिल्लाह, हा दिरहम अमुक शहरात अमुक साली पाडला. साल आकड्यांत नसून शब्दांत असे. त्या काळच्या युरोपच्या नाण्यांवर साल घालण्याची रीत नव्हती. त्यामुळे स्वीडनमधल्या एखाद्या थडग्यात दिरहम मिळाला की पुरातत्त्वज्ञाला आधार सापडतो: हे दफन या सालाच्या आधीचे असूच शकत नाही. ज्यांना हिजरी म्हणजे काय हे ठाऊक नव्हते, त्यांच्या थडग्यांचा काळ आज हिजरी सनावरून ठरतो.

व्हायकिंगांना मात्र अक्षरांशी देणेघेणे नव्हते. ते नाणे तराजूत टाकत, वजन कमी भरले तर दुसऱ्या नाण्याचा तुकडा कापून घालत, चांदी खरी की खोटी हे पाहायला सुरीने टोचत. कलम्याच्या मधोमध कापलेली नाणी आहेत. काहींवर त्यांच्या थॉर देवाचा हातोडा ओरखडलेला आहे. बहीण म्हणाली, तो तुकडा पाहून जीव चरकला. मग तिनेच पुढे म्हटले, "त्यांच्यासाठी ती चांदीच होती गं."

एवढी चांदी तिकडे गेली कशी? समरकंद, बुखाऱ्याच्या सामानी अमीरांच्या राज्यातून ती काफिल्यांनी व्होल्गा नदीवरच्या बुल्गारांच्या बाजारात जाई आणि तिथून पूर्वेकडचे व्हायकिंग, ज्यांना अरब 'रूस' म्हणत, ती नेत. खलीफा मुक्तदिरच्या वकिलातीबरोबर 921 साली बगदादहून निघालेल्या इब्न फजलानने हा बाजार डोळ्यांनी पाहिला. रूस खजुराच्या झाडासारखे उंच, पण एकाच भांड्यातल्या पाण्यात सगळे तोंड धुतात म्हणून तो नाक मुरडतो. नवऱ्याकडे दहा हजार दिरहम झाले की बायकोच्या गळ्यात एक कडे येते, असेही तो नोंदवतो. त्याच्या पाच वर्षे आधी, हिजरी 304 मध्ये, मसऊदी आपल्या कोकणात चौलला आला होता. तिथल्या सुमारे दहा हजार मुसलमानांविषयी ज्याने लिहिले, त्याच मसऊदीने कास्पियन किनाऱ्यावर रूसांनी घातलेल्या धाडीचेही वर्णन केले आहे. चौल आणि व्हायकिंग एकाच किताबात!

इथपर्यंत सांगायला छाती फुगते. पण रूस चांदीच्या बदल्यात काय देत होते? समूरची फर, मध, मेण, तलवारी, आणि माणसे. स्लाव लोकांच्या वस्त्यांवर धाडी घालून पकडलेले पुरुष आणि मुली. इब्न फजलान लिहितो की रूस व्यापारी लाकडी मूर्तीपुढे उभा राहून पुष्कळ दीनार-दिरहमवाला गिऱ्हाईक मागतो आणि त्याच्या मालात दासी असतात. तो गिऱ्हाईक कोण? आपल्याच तहजीबच्या बाजारातला. दिरहमवर कलमा आहे, आणि त्या दिरहमने विकत घेतलेल्या मुलीचे नाव कुठेच नाही.

हे वर्गात सांगावे की नाही, यावर मी बरेच दिवस अडखळले. कारण एकदा मी उलटी चूक केलेली आहे. ऑक्टोबर 2017 मध्ये स्वीडनच्या उप्साला विद्यापीठाने जाहीर केले की व्हायकिंग थडग्यांतल्या विणलेल्या पट्ट्यांवर 'अल्लाह' आणि 'अली' ही नावे आढळली आहेत. बातमी मोबाइलवरून आमच्या शिक्षकदालनात पोचली. मी दुसऱ्याच दिवशी तिची प्रत काढून शाळेच्या फलकावर लावली. चारच दिवसांनी टेक्सास विद्यापीठातल्या इस्लामी कलेच्या अभ्यासक स्टेफनी मल्डर यांचे आक्षेप वाचले. त्या वळणाची चौकोनी कूफी लिपी सुमारे पाचशे वर्षांनंतरची आहे, आणि उरलेल्या पट्टीवर ते नाव पुरे होतच नाही, रेखाचित्रात कडेचे विणकाम अंदाजाने वाढवले आहे, असे त्यांचे म्हणणे. मला पटले. मी कागद काढला.

सातवीतल्या एका मुलीने विचारले, "टीचर, अल्लाहचं नाव होतं, मग का काढलं?"

मी तिला कूफी लिपीतल्या दिरहमचे चित्र दाखवले. नुक्ते नसलेली ती अक्षरे आम्ही दोघींनी मिळून वाचायला घेतली. 'ला इलाह' तिला पटकन लागले. समरकंद लागायला वेळ लागला. साल वाचेपर्यंत तास संपला. मग तिने विचारले, "हे देऊन त्यांनी काय घेतलं?"

मी तिला सांगितले.