ट्रेलरवरून आलेला वर्ग

तळेगाव–चाकण रस्ता इंदुरीतून जातो. एका अंगाला इंद्रायणी, गावात सेनापती दाभाड्यांची गढी, जवळच तुकोबांचा भंडारा डोंगर आणि या सगळ्यांमधून दिवसरात्र कंटेनरची वर्दळ. तळेगाव, आंबी, नवलाख उंबरे, चाकण या पट्ट्यात कारखाने आले, त्यामागून कामगार आले, चाळींवर मजले चढले आणि मुलं शाळेच्या दारात उभी राहिली. चाळमालक खोली काही महिन्यांत बांधून भाड्याने देतो. जिल्हा परिषदेच्या शाळेची खोली मात्र प्रस्ताव, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा अशा वाटेने येते. तोवर दुसरीचा वर्ग व्हरांड्यात बसतो, तिसरी-चौथी एकत्र होतात, नाहीतर शाळा दोन सत्रांत भरते. अशा वेळी कुणीतरी म्हणतंच, ‘तोपर्यंत पोर्टा केबिन टाकू.’

टाकू म्हणजे खरोखरच टाकायची असते. मैदानाच्या कडेला मुरूम दाबून, वर काँक्रीटचे ठोकळे ठेवून लेव्हल काढतात. ट्रेलर येतो, मागून हायड्रा क्रेन येते. केबिनच्या छताला चार कोपऱ्यांवर हुक असतात. त्यांत साखळ्या अडकवून हायड्रा ती उचलते, दोघेजण खालून हातानेच तिची दिशा धरतात आणि ती ठोकळ्यांवर बसते. लोखंडी चौकट, भिंतीला पफ पॅनेल, म्हणजे दोन पातळ पत्र्यांमध्ये फोम, खाली सिमेंटचा बोर्ड आणि वर व्हायनिलचं अंथरूण. वीज जोडली की दुसऱ्या दिवशी फळा लागतो. बांधकामाचा बराचसा भाग कारखान्यातच उरकलेला असतो, शाळेत फक्त जोडणी.

घर उचलून नेण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. डेरे, राहुट्या, बिछायती सांभाळायला पेशवाईत फरासखाना हे स्वतंत्र खातं होतं. पुण्यात त्याचं नाव आज पोलीस ठाणं चालवतं. पण या वर्गाचा मूळपुरुष तंबू नव्हे, पन्हाळी पत्रा. 1829 साली लंडनच्या गोदीत काम करणारे अभियंते हेन्री पामर यांनी त्याचं पेटंट घेतलं. सपाट पत्रा स्वतःच्याच वजनाने वाकतो, नागमोडी केला की तोच पातळ पत्रा मोठं अंतर पेलतो, एवढीच त्यातली गोम. 1837 मध्ये फ्रान्समध्ये सोरेल यांनी लोखंडावर जस्ताचा थर चढवण्याचं पेटंट घेतलं आणि गंज लांबला. त्याच दशकात मॅनिंग नावाच्या लंडनच्या एका सुताराने ऑस्ट्रेलियाला निघालेल्या आपल्या मुलासाठी सुट्या भागांचं लाकडी घर तयार केलं आणि पुढे तशी घरं विकायला काढली. मुंबईकरांनी याच जातीची इमारत रोज पाहिली आहे: काळा घोड्याचं वॉटसन हॉटेल. त्याचा लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये ओतून, जहाजाने आणून 1867 ते 1869 या काळात इथे जोडला. नंतर ती एस्प्लनेड मॅन्शन झाली आणि दीडशे वर्षांनंतर मोडकळीला आली तरी जागेवर आहे. सुटी आणलेली इमारत एकदा जोडली की सहसा कुणी सुटी करत नाही, हे तेव्हाच दिसायला लागलं होतं.

वर्गखोलीपर्यंत ही कल्पना पोचली ती दवाखान्यातून. क्रिमियाच्या युद्धात सैनिक गोळीपेक्षा रोगाने जास्त मरत होते, तेव्हा 1855 साली ब्रुनेल या इंजिनिअरने हजार खाटांचं लाकडी इस्पितळ सुट्या भागांत आखलं. ते जहाजांनी दार्दानेल्सच्या किनाऱ्यावर, रेंकियोईला गेलं. 1885 मध्ये अँटवर्पला रेड क्रॉसने हलवता येणाऱ्या इस्पितळी बराकीसाठी स्पर्धा लावली. ती जिंकणारी डोकर बराक पुढे जर्मनीतल्या क्रिस्टोफ आणि उन्माक या कंपनीने जगभर विकली. 1904 मध्ये बर्लिनजवळ शार्लोटेनबर्गला अशक्त, क्षयाच्या छायेतल्या मुलांसाठी पाइनच्या रानात शाळा निघाली, तिथे याच बराकी उभ्या राहिल्या. म्हणजे या वर्गात सुरुवातीला बसणाऱ्यांत आजारी मुलं होती. त्याच्या थोडंच आधी आपल्याकडे प्लेगने लोकांना गावाबाहेर माळावर झोपड्या घालून राहायला लावलं होतं. उपाय तोच, फक्त कंपनी नव्हती.

मग युद्धानंतरची मुलं. ब्रिटनने 1944 च्या कायद्याने शाळा सोडण्याचं वय 15 केलं आणि 1947 पासून ते अमलात आणलं. एका अख्ख्या वर्षाची मुलं वाढली. विटा, लाकूड, गवंडी सगळ्यांचा तुटवडा. सरकारने देशभर काँक्रीटच्या तयार भागांच्या झोपडीवजा खोल्या उभारल्या. त्या होर्सा हट म्हणून ओळखल्या जातात. तात्पुरत्या म्हणून आलेल्या त्यांतल्या कितीतरी खोल्यांत पुढच्या पिढ्याही शिकल्या. 1961 मध्ये यॉर्कच्या शेफर्ड कंपनीची पोर्टाकॅबिन आली आणि ब्रँडचं नाव वस्तूला चिकटलं. कंटेनरची शाखा वेगळी. 26 एप्रिल 1956 रोजी माल्कम मॅक्लिन यांच्या ‘आयडियल एक्स’ जहाजाने 58 पेट्या न्यूअर्कहून ह्यूस्टनला नेल्या. 1989 मध्ये न्हावाशेवा बंदर सुरू झालं आणि त्या पेट्या आपल्या घाटात दिसू लागल्या.

पण महाराष्ट्रात या वर्गाचं आजोळही आहे आणि मला ते जास्त मोलाचं वाटतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या परिसरात कुरणशाळा चालवली: गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळेने कुरणात जायचं. नव्वदच्या दशकात वसई-भिवंडीकडे विधायक संसदेने वीटभट्टीवर भोंगाशाळा काढल्या. भोंगा म्हणजे भट्टीमजुराचं खोपट. ऊसतोडीच्या हंगामात मजुरांच्या कोप्यांच्या तळावर साखरशाळा भरल्या. या शाळांना भिंती जवळजवळ नव्हत्याच. तिकडे खोली हलत होती, इथे गुरुजी हलत होते.

दोन्ही घराण्यांची गाठ पडली ठाण्यात. 15 जून 2016 रोजी तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली समर्थ भारत व्यासपीठ आणि ठाणे महापालिका यांनी सिग्नल शाळा सुरू केली, कंटेनरमध्ये. सिग्नलवर गजरे आणि खेळणी विकणाऱ्या मुलांसाठी पक्की इमारत पुलाखाली बांधता येणार नव्हती आणि मुलं दूरच्या शाळेत जाणार नव्हती. त्यातली मुलं पुढे दहावी झाली. तिथे कंटेनर अगदी योग्य.

इंदुरीसारख्या गावातली गोष्ट निराळी. इथे मुलं घरात राहतात, शाळा जागेवर आहे, कमी आहे ती जागा. कंटेनर टाकला तर त्याची आतली रुंदी जेमतेम पावणेआठ फूट. दोन्ही बाजूंना बाक लावले की मधून बाईंना वहीपर्यंत पोचता येत नाही. म्हणून वर्गासाठी दोन पेट्या शेजारी ठेवून मधली भिंत काढावी लागते. छताला नुसता पत्रा असेल तर मावळातल्या जुलैच्या पावसात पहिल्या बाकाच्या पुढे पाढा ऐकू जात नाही आणि एप्रिलमध्ये दुपारी तिथे बसवत नाही. पफ पॅनेलने उकाडा बराच आटोक्यात येतो. छताखाली फोम आहे ना, हे ठेकेदाराच्या बोलण्यावर सोडू नये.

तरीही व्हरांड्यापेक्षा केबिन बरी. माझा आक्षेप वस्तूवर नाही, तिच्या मुदतीवर आहे. केबिन आली की मुलांना खोली मिळाली असं कागदावर धरलं जातं आणि पक्क्या खोलीचा प्रस्ताव रांगेत मागे सरकतो. होर्सा हटचं हेच झालं. लोखंड गंजतं, सांधे गळतात, आणि ‘तात्पुरतं’ म्हणून दुरुस्तीचा खर्च कुणाच्याच खात्यात बसत नाही.

शिक्षण हक्क कायद्याने दर शिक्षकामागे किमान एक वर्गखोली मागितली आहे आणि शाळा विकास आराखडा करण्याचं काम शाळा व्यवस्थापन समितीला दिलं आहे. त्या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. तुम्ही त्यांतले असाल तर केबिन टाकण्याच्या ठरावातच पक्क्या खोलीच्या प्रस्तावाचा जावक क्रमांक आणि केबिन उचलण्याचा महिना लिहून घ्या.