गिट पुश : मूळ वर्तनातील बदल
गिट या आवृत्ती-नियंत्रण प्रणालीत ‘गिट पुश’ ही आज्ञा शाखेचे नाव न देता चालवली, तर दूरस्थ भांडारात काय पाठवायचे हे ‘पुश डॉट डीफॉल्ट’ या सेटिंगवरून ठरते. २०१४ पर्यंत ते न सांगताच ‘मॅचिंग’ असे. ज्या ज्या शाखेच्या नावाची शाखा दूरच्या भांडारातही आहे, त्या सगळ्या एकदम पाठवल्या जात.

एकट्याने काम करणाऱ्याला हे सोयीचे होते. सामायिक भांडारात मात्र धोक्याचे. समजा, काम ‘लॉगिन’ शाखेवर चालू आहे आणि ‘मास्टर’ची स्थानिक प्रत जुनी आहे. साध्या पुशमध्ये गिट ती जुनी शाखा नाकारते. पण ‘फोर्स’ हा पर्याय जोडला, की सहकाऱ्यांनी ‘मास्टर’वर केलेल्या नव्या नोंदी पुसल्या जातात, आणि तेही त्या शाखेला हात न लावता.

म्हणून २.० या आवृत्तीत (मे २०१४) ‘सिंपल’ हे मूळ वर्तन झाले. यात फक्त चालू शाखा जाते, आणि जिथून बदल घेतले जातात त्याच भांडारात पाठवताना तिच्याशी जोडलेल्या दूरस्थ शाखेचे नावही तेच असावे लागते. बदलाआधीच्या आवृत्त्यांनी वापरकर्त्यांना इशारे दिले होते. अशा मूलभूत बदलाला ते आवश्यकच होते.

कोणत्या भांडारात पाठवायचे, हा वेगळा प्रश्न. एरवी ते बहुधा ‘ओरिजिन’ असते. ‘रिमोट डॉट पुशडीफॉल्ट’ने ते बदलता येते. मूळ प्रकल्पातून बदल घेऊन स्वतःच्या फोर्कमध्ये पाठवणाऱ्यांना ते विशेष उपयोगी पडते. शाखांबाबतचे जुने वर्तन हवे असल्यास ‘मॅचिंग’ आजही निवडता येते.