आधी कुरण, मग घोडा

मंडळी, आमच्या नांदगाव पेठेपासून समुद्र पाचशे किलोमीटरहून जास्त दूर. तरी आजचा लेख समुद्रावरच आहे. कारण पुण्याला शिकणारा आमचा नातू. काचेच्या पेटीत समुद्री गवत लावायचं आणि त्यात समुद्रघोडे पाळायचे, असं त्याच्या मनानं घेतलंय. वर मला विचारतो, "आजोबा, तुम्ही इतिहासाचे मास्तर. हे पहिल्यांदा कोणाला सुचलं?" मास्तरला प्रश्न विचारला की उत्तर लांबणारच. ते इथेच लिहितो, म्हणजे बाकीच्या नातेवाईकांनाही कळेल.

सुरुवात माशापासून नाही, झाडापासून होते. लंडनच्या नॅथॅनियल वॉर्ड नावाच्या डॉक्टरांना १८२९ च्या सुमारास दिसलं की बंद काचेच्या बाटलीत नेचा आपोआप उगवला आणि टिकलाही. त्यातून 'वॉर्डची पेटी' निघाली. पुढे रॉबर्ट फॉर्च्यूननं चीनमधून चहाची रोपं आपल्या हिंदुस्थानात आणली, ती याच पेट्यांतून. म्हणजे आपल्या सकाळच्या चहाचं आणि नातवाच्या मत्स्यपेटीचं मूळ एकच!

मग प्रश्न आला पाण्याचा. ॲना थाइन या बाईंनी १८४६ मध्ये समुद्रातली जिवंत प्रवाळं लंडनला आणली. पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांची मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीपाशी उभी राहून पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत असे. आजच्या हवेच्या पंपाचं काम तेव्हा त्या बाईचे दोन हात करत होते. तिचं नाव इतिहासात कोणी ठळकपणे लिहिलं नाही. असो. पुढच्या वर्षी थाइनबाईंनी पेटीत समुद्री शेवाळ घातलं आणि मोलकरणीचं काम हलकं झालं.

१८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानं गोड्या पाण्यात हाच हिशोब नीट मांडला. पेटीत मासे, व्हॅलिस्नेरियाची वनस्पती आणि गोगलगाई. मासा जो वायू सोडतो तो वनस्पती घेते, वनस्पती प्राणवायू देते, आणि कुजलेली पानं नि साचलेला बुळबुळीत थर गोगलगाय खाते. तिघांतला एक काढला की पाणी नासतं. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी पहिलं मत्स्यालय उघडलं. त्यामागे फिलिप हेन्री गॉस यांची मेहनत होती. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठी गॉसनी चार क्षार मिसळून कृत्रिम समुद्राचं पाणीही बनवलं.

हे सांगत होतो तेव्हा शेजारचे भाऊसाहेब म्हणाले, "मंग आपल्या दर्यापुरचं पानी नाई चालत काय? नावातच दर्या हाये!" पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातलं पाणी खारट खरंच. पण समुद्रात नुसता खारटपणा नसतो. लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम ठरलेल्या प्रमाणात असतात. आपल्या विहिरींचं प्रमाण वेगळं. तेव्हा भाऊसाहेब, नाही चालत.

आपल्याकडे मुंबईला मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये तारापोरवाला मत्स्यालय उभं राहिलं. खर्च आठ लाख, त्यातले दोन लाख डी. बी. तारापोरवाला या पारशी गृहस्थांचे. राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते उद्घाटन झालं. वऱ्हाडातल्या शाळांच्या मुंबई सहलीत ते ठरलेलं असे. काचेला नाक लावून उभी असलेली आमची पोट्टी मला अजून आठवतात. पण सगळ्यांचं लक्ष माशांवर. पेटीतल्या गवताबद्दल एकानंही विचारल्याचं आठवत नाही.

समुद्रघोड्याच्या बाबतीत खरी गोष्ट त्या गवताचीच आहे. समुद्री गवत म्हणजे शेवाळ नव्हे. त्याला मुळं असतात आणि पाण्याखाली फुलं येतात. समुद्रघोडा पोहण्यात अगदी कच्चा. शेपटीनं गवताचं पातं धरून बसतो, समोरून कोळंबीसारखा बारीक जीव गेला की ओढून घेतो. त्याला दात नाहीत आणि पोटाची पिशवीही नाही, म्हणून दिवसभर थोडं थोडं खावं लागतं. पिल्लं सांभाळतो बाप, स्वतःच्या पोटावरच्या पिशवीत. अशा प्राण्याची पेटी लावायची तर खाली वीतभर नाही तरी चार-पाच बोटं जाड वाळूचा थर, वर भरपूर उजेड, पाण्याचा प्रवाह मंद, आणि आधी गवत. ते रुजायला महिने लागतात. घोडा सगळ्यात शेवटी.

गवत गेलं तर काय होतं, हेही इतिहासानं दाखवलंय. १९३० च्या दशकात उत्तर अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवर झोस्टेरा नावाच्या गवतावर रोग पडला आणि त्याची प्रचंड कुरणं नाहीशी झाली. त्यांच्या आसऱ्यानं राहणाऱ्या जिवांचेही हाल झाले. आपल्याकडे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या डॉ. टी. जी. जगतापांनी भारताच्या किनाऱ्यावरची अशी गवतं कुठे कुठे आहेत याची नोंद १९९१ मध्ये प्रसिद्ध केली. त्याच संस्थेत पुढे पिवळा समुद्रघोडा बंदिस्त पाण्यात वाढवण्यावरही काम झालं.

दुसरीकडे वाळवलेल्या समुद्रघोड्यांचा औषधांसाठी मोठा व्यापार चालू होता. अमांडा व्हिन्सेंट या संशोधक बाईंनी १९९६ मध्ये त्यावर सविस्तर अहवाल लिहिला, त्यात भारतही होता. २००१ मध्ये आपल्या सरकारनं समुद्रघोड्याला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातलं. तेव्हा वाघही त्याच यादीत होता! आंतरराष्ट्रीय व्यापारावरचे निर्बंध २००४ पासून लागू झाले. आणि २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेत समुद्री गवताच्या कुरणांनाही संवेदनशील क्षेत्र म्हटलं गेलं. म्हणजे प्राण्याला संरक्षण आधी मिळालं आणि त्याच्या घराला दहा वर्षांनी.

तर बाळा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं. समुद्रातून पकडलेला घोडा आपल्या घरात आणायचा नाही, कोणी दुकानदार "मिळवून देतो" म्हणाला तरी नाही. तुझी हौस मात्र मोडायची नाही. वॉरिंग्टनसारखी गोड्या पाण्याची पेटी लाव. व्हॅलिस्नेरिया विकत मिळतं. सहा महिने फक्त गवत सांभाळ, त्यात एकही मासा नको. ते जगलं, पसरलं, तर मासे मी घेऊन देईन. कुरण राखता आलं नाही, तर घोड्याचं नाव काढायचा हक्क आपल्याला नाही. हे वऱ्हाडातल्या कोणत्याही गुराख्याला ठाऊक आहे.