डिंकाच्या शोधात सापडलेले प्लास्टिक

विज्ञान प्रदर्शनाच्या प्रतिकृतीवरील लेबल ओढून काढले, की ॲक्रिलिकच्या पारदर्शक शीटवर चिकट डाग उरतो. तो पुसण्यासाठी आपण ॲसिटोन किंवा रंगाचा थिनर घेतला, तर डागाबरोबर शीटची पारदर्शकताही जाते. यामागचे कारण समजून घ्यायला आपल्याला जर्मनीत, या प्लास्टिकच्या जन्मापर्यंत जावे लागेल.

१९०१ साली ट्युबिंगेन येथे ओटो र्‍योम यांनी ॲक्रिलिक आम्लापासून मिळणाऱ्या बहुवारिकांवर प्रबंध लिहिला. यातले काही पदार्थ मऊ, रबरासारखे असत. १९२८ मध्ये डार्मस्टाट येथील त्यांच्या कंपनीने असा मऊ थर दोन काचांमध्ये घालून सुरक्षा काच बनवली. थर कसला, डिंकच तो! पुढे तेथील रसायनतज्ज्ञांनी मिथिल मेथॅक्रिलेट दोन काचांमध्ये भरून पाहिले. हा थर मात्र काचेला न चिकटता कडक, स्वच्छ शीट होऊन सुटा निघाला. १९३३ साली त्याला ‘प्लेक्सिग्लास’ हे नाव मिळाले. साखळीतल्या प्रत्येक एककाला जोडलेल्या जादा मिथिल गटामुळे साखळीची हालचाल अडते, म्हणून हे बहुवारिक ताठ.

चिकटपट्टीची गोष्ट अमेरिकेतली. रिचर्ड ड्र्यू यांच्या १९३० च्या सेलोफेन पट्टीवर रबराचा डिंक होता. तो जुना झाला की पिवळा पडे. १९६१ मध्ये ॲक्रिलिक डिंकाची पट्टी आली. आज अनेक लेबलांवर हाच डिंक असतो, म्हणजे डाग आणि शीट एकाच कुळातले! ॲसिटोन दोघांनाही सोडत नाही. कापलेल्या कडा आणि भोके यांच्याजवळ शीटमध्ये ताण अडकलेला असतो. द्रावक तेथे शिरला, की साखळ्यांची एकमेकींवरील पकड सैल होते आणि केसासारख्या बारीक भेगा उमटतात. काही वेळा त्या दुसऱ्या दिवशी दिसतात, त्यामुळे दोष कोणाचा हेही कळत नाही.

म्हणून सुरुवात कोमट साबणपाण्याने करावी. भिजलेला डिंक बोटाने लाटून काढावा. पाते लावू नये, कारण ही शीट काचेपेक्षा फार मऊ असते. तरीही चिकटपणा उरला, तर फडक्यावर थोडे रॉकेल घ्यावे (ज्योतीपासून दूर). रबराचा डिंक त्यात विरघळतो, ॲक्रिलिक डिंक निदान सैल होतो, आणि शीटला सहसा इजा होत नाही. नंतर पुन्हा साबणपाणी. सीडीच्या पारदर्शक डबीला मात्र हा उपाय करू नये. ती बहुधा पॉलिस्टायरिनची असते आणि रॉकेलने तिलाच तडे जातात. तिच्यासाठी पाणी मिसळलेले आयसोप्रोपिल अल्कोहोल बरे. प्लास्टिक कोणते हे ठाऊक नसेल, तर कोपऱ्यात एक थेंब लावून दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावे.