सोलर प्लेट, सुवाह्य (बारामती–इंदापूर)

उचलून नेता येईल अशा, साधारणतः 5 ते 100 वॅटच्या सौर पटलाला बारामती व इंदापूर तालुक्यांत (जि. पुणे) ‘सोलर प्लेट’ म्हणतात. शेतकुंपणाचे झटका मशीन, फवारणी पंप, गळीत हंगामात ऊसतोड मजुरांच्या कोपीतील दिवा आणि मेंढपाळांच्या वाड्यावरचे मोबाइल यांच्या बॅटऱ्या तिच्यावर चार्ज होतात.

चार्जिंग : 20 वॅटची प्लेट कडक उन्हात 12 व्होल्टच्या बॅटरीला सुमारे 1 अँपिअर प्रवाह देते. त्यामुळे निम्मी उतरलेली 7 अँपिअर-तासांची बॅटरी हिवाळ्यातल्या निरभ्र दिवशी संध्याकाळपर्यंत भरते. बॅटरी अतिभारित होऊ नये म्हणून मध्ये नियंत्रक जोडतात.

ऋतुमान : हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असून वार्षिक पाऊस सुमारे 500 मिमी. आहे. तरी जून ते सप्टेंबर पाऊस न पडताही आभाळ भरलेले राहते. दाट ढगांत उत्पादन निरभ्र दिवसाच्या 10 ते 25 टक्क्यांवर येते. म्हणून चार्जिंगचा खरा तुटीचा काळ हिवाळा नसून पावसाळा होय. दिवाळीनंतर कोकणात उतरणारे मेंढपाळ पावसाळ्याच्या तोंडावर परततात, त्यामुळे हे महिने त्यांना गावाकडेच काढावे लागतात. उन्हाळ्यात ऊन भरपूर असते, पण 25° से.च्या वर दर अंशाला सिलिकॉन प्लेटची क्षमता सुमारे 0.4 टक्के घटते. मे महिन्यात 60° पर्यंत तापलेली प्लेट सातवा हिस्सा गमावते.

कल : अक्षांश सुमारे 18° उ. असल्याने डिसेंबरअखेर दुपारचा सूर्य क्षितिजापासून 48° वरच येतो. तेव्हा प्लेट दक्षिणेकडे 35° ते 40° कलती ठेवतात. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मध्यान्हीचा सूर्य माथ्याच्या उत्तरेला असतो. या काळात ती जवळजवळ आडवी, पाणी निथळण्यापुरतीच कलती ठेवणे योग्य.

निगा : पाचट जाळल्याची काजळी व रस्त्याची धूळ सकाळी, काच थंड असताना पुसावी. पेशी एकसरीत जोडलेल्या असल्याने उसाच्या एका पात्याची सावलीही प्रवाह घटवते. बॅटरी मात्र सावलीत, हवेशीर ठेवावी. सरासरी तापमान 10° ने वाढल्यास शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य साधारण निम्मे होते. ती निम्म्याखाली उतरू देऊ नये. बारमाही वापरासाठी प्लेटचा आकार मे महिन्याच्या उन्हावरून न ठरवता जुलैच्या ढगाळ आठवड्यावरून ठरवावा.