प्रामाणिक जनरल

डिसेंबर १९९६मध्ये मेक्सिकोने अमली पदार्थविरोधी खात्याची सूत्रं जनरल हेसूस गुतिएर्रेस रेबोयो यांच्याकडे दिली. अमेरिकेच्या बॅरी मॅककॅफ्री यांनी तर त्यांच्या सचोटीची जाहीर ग्वाही दिली. फेब्रुवारी १९९७मध्ये जनरल गजाआड! अमेरिकेच्या सीमेला लागून असलेल्या हुआरेसच्या टोळीचा म्होरक्या आमादो कारिय्यो फुएंतेस याला ते सांभाळत होते. ('नार्कोस: मेक्सिको' पाहिलं असेल तर आठवेल.) गंमत म्हणजे जनरल कामचुकार नव्हते. धाडी खऱ्या, अटकाही खऱ्या. पण सापडायची ती तिहुआनाची, म्हणजे आमादोच्या वैऱ्यांची माणसं. लाचखाऊ अधिकारी डोळेझाक करतो, अशी आपली समजूत. इथे धाड घालणं हीच टोळीची चाकरी होती. २०२३मध्ये माजी सुरक्षामंत्री हेनारो गार्सिया लुना न्यूयॉर्कमध्ये दोषी ठरले. या वेळी टोळी सिनालोआची होती.