हाली नोटेवरची मराठी

केज तालुक्यातलं नांदूरघाट 1948 पर्यंत हैदराबादच्या निजामाच्या मुलखात होतं. तिथलं सरकारी चलन उस्मानिया सिक्का. लोकांच्या तोंडी हे रुपये 'हाली' आणि इंग्रजांचे 'कलदार'.

पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली आणि 1918 मध्ये हैदराबादनं कागदी चलनाचा कायदा केला. आधी दहा आणि शंभराच्या नोटा निघाल्या, 1919 मध्ये एक आणि पाचाच्या, 1926 मध्ये हजाराची. छपाई लंडनच्या वॉटरलो कंपनीची, पुढे नाशिकच्या छापखान्याची.

या नोटांवर राजाचा चेहरा नाही. ब्रिटिश हिंदुस्थानच्या नोटेवर 1923 पासून पंचम जॉर्ज आला. निजाम आपल्या नोटेवर कधीच आला नाही. त्याच्या रुपयाच्या नाण्यावरही चारमिनार आहे, आणि मधल्या कमानीत 'ऐन' हे उर्दूतलं एकच अक्षर, निजामाच्या उस्मान या नावाचं आद्याक्षर. सत्तेची खूण इथे लिपीत आहे. नोटेवरही मुख्य मजकूर उर्दूत, सुरुवातीच्या नोटांवरचा सन फसली, म्हणजे महसुली कालगणनेतला. मराठी, तेलुगू, कन्नड यांच्या वाट्याला फक्त नोटेची किंमत.

मला हीच वाटणी सर्वांत बोलकी वाटते. कचेरीची भाषा उर्दू होती. त्याच 1918 मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघालं, तेही उर्दू माध्यमाचं. शिक्षणात आणि कारभारात मराठीवाचून चालवून घेणाऱ्या सरकारला नोटेवर मात्र ती लागली. कागदाच्या तुकड्याला रयतेनं रुपया मानावं, तर किंमत तिच्या भाषेत सांगणं भाग होतं. हे अनुमान माझं. त्याला आधार नोटेवरच्या त्या ओळीचा.

नांदूरघाटहून जामखेडकडे गेलं की इंग्रजी मुलूख, तिथे कलदार. सात हालींना सहा कलदार हा भाव. म्हणजे शंभर कलदारांसाठी 116 रुपये 10 आणे 8 पै हाली मोजायचे.

नोटांवरच्या सह्याही वाचण्यासारख्या आहेत. शेवटच्या वर्षांतल्या काही नोटांवर गुलाम मुहम्मद यांची सही आहे, काहींवर झाहिद हुसेन यांची. दोघेही हैदराबादचे अर्थमंत्री; पुढे गुलाम मुहम्मद पाकिस्तानचे गव्हर्नर जनरल झाले, झाहिद हुसेन तिथल्या स्टेट बँकेचे पहिले गव्हर्नर.

निजामाचं राज्य संपवणाऱ्या 1948 च्या पोलीस ॲक्शननंतरही हे चलन काही वर्षं टिकलं. 1959 मध्ये ते संपलं. तुमच्या घरच्या जुन्या पेटीत अशी नोट निघाली, तर विकण्याआधी तिच्यावरची सही आणि सन टिपून ठेवा. फसली सनात 590 किंवा 591 मिळवले की इसवी सन येतो.